हॉटेल मॅनेजमेंटची पोरं आणि बेळगावची हॉटेलं : करारात नक्की काय लिहायचं?

टिळकवाडी_मास्तर

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका कॉलेजचा प्रश्न आहे. हॉटेल मॅनेजमेंट आणि पर्यटन असा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. वर्गात 40 मुलं. निम्मी खानापूर-निपाणी पट्ट्यातली, बाकीची गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगलची. दुसऱ्या वर्षी 17 आठवड्यांचं औद्योगिक प्रशिक्षण असतं. शहरातल्या हॉटेलांशी करार आहेत, पण करार म्हणजे दीड पानाचं गुळगुळीत पत्र. "दोन्ही संस्था परस्पर सहकार्य करतील" यापलीकडे त्यात काही नाही.

हॉटेलवाले म्हणतात, मुलांना ट्रे धरता येत नाही आणि काउंटरवर तोंड उघडत नाही. मुलं म्हणतात, चार महिने नुसत्या प्लेटा पुसल्या. दोघंही खरं बोलतायत. मला तीन गोष्टी हव्यात. करारासोबत कोणते कागद जोडायचे? वर्षात मुलं कधी पाठवायची? आणि ज्यांना हॉटेलात नाही, पर्यटनात जायचंय त्यांना आपल्या भागात पाठवायचं कुठं? पुण्या-मुंबईच्या मोठ्या साखळी हॉटेलांचे नमुने हाताशी आहेत, ते इथं बसत नाहीत.

क्लबरोड_ऑपरेशन्स

मास्तर, करार वीस पानांचा केलात तरी मागे खातेनिहाय वेळापत्रक जोडलेलं नसेल तर पोरं बँक्वेटमध्येच, म्हणजे लग्न-समारंभाच्या हॉलच्या कामालाच जाणार. लग्नाच्या दिवशी हॉटेलला जास्तीचे हात लागतात. बाहेरून रोजंदारीवर आणले तर रोख मोजावे लागतात, शिकाऊ पोरं हाताशीच असतात. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण किचनच्या पाच आठवड्यांतले तीन असेच जातात.

17 आठवडे असे वाटा: किचन 5, सर्व्हिस 4, हाऊसकीपिंग 4, फ्रंट ऑफिस (स्वागताचं काउंटर) 3, आणि शेवटचा एक स्टोअर व खरेदीत. तो शेवटचा आठवडा सगळीकडे गाळला जातो. माल वजन करून घेणं, बिलाशी ताडणं, आधी आलेला माल आधी काढणं हे वर्गात सांगून डोक्यात शिरत नाही. बँक्वेटबद्दल एक स्वतंत्र वाक्य घाला: आठवड्यातून जास्तीत जास्त दोन पाळ्या, आणि त्या फक्त सर्व्हिसच्या चार आठवड्यांत. पाळी जेवणाच्या सुटीसह 9 तासांची, आठवड्याला एक सुटी, रात्री दहानंतर सुटणाऱ्यांना घरापर्यंत गाडी. गाडीची सोय लिहिलेली नसेल तर मुलींचे पालक पहिल्याच महिन्यात मुलीला परत नेतात आणि ठपका मुलीवर येतो.

दुसरा कागद म्हणजे प्रत्येक खात्यात मुलाला शेवटी काय करता आलं पाहिजे त्याची यादी. "हाऊसकीपिंगची ओळख" असं लिहू नका. चेकआऊट झालेली खोली 30 मिनिटांत एकट्यानं तयार करणे, असं लिहा. क्रमही लिहा: खिडक्या उघडणं, कचरा आणि वापरलेल्या चादरी-टॉवेल बाहेर, बाथरूममध्ये केमिकल टाकून ठेवणं, ते मुरेपर्यंत पलंग, मग वरून खाली धूळ, मग बाथरूम घासणं, शेवटी आतून दाराकडे येत फरशी. हा क्रम चुकला की काम दुप्पट होतं. पलंग घातल्यावर धूळ झटकली तर चादर पुन्हा काढावी लागते. मुरलेला माणूस एका पाळीत 14 ते 16 खोल्या काढतो. शिकाऊकडून पहिला आठवडा जोडीनं काम, दुसऱ्यात चार खोल्या, चौथ्यात आठ, एवढी अपेक्षा रास्त आहे.

लिनन, म्हणजे चादरी-टॉवेल, मोजायलाही तिथंच लावा. पुस्तकात तीन संच असतात: एक खोलीत, एक धुलाईला, एक कपाटात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. ड्रायर नसलेल्या हॉटेलला चौथा संच लागतोच. 40 खोल्या, खोलीला दोन चादरी, तर 240 च्या जागी 320. हे गणित मुलानं स्वतः मांडून मॅनेजरला दाखवलं तर त्या हॉटेलात त्याची जागा झालीच समजा.

फ्रंट ऑफिससाठी डिसेंबरसारखा महिना नाही. सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की शहरातल्या खोल्या ब्लॉक होतात. सरकारी खात्यानुसार यादी येते, ती रात्रीतून दोनदा बदलते, बिल पाहुण्याच्या नावावर नसून खात्याच्या नावावर निघतं, दर ठरलेला असतो आणि पैसे मागाहून येतात. ग्रुप ब्लॉक, रूमिंग लिस्ट, उधारीचं खातं हे तिन्ही दोन आठवड्यांत शिकून होतं. पण पोरगं त्याच आठवड्यात खात्यात नवं आलेलं नको. नोव्हेंबरच्या मध्याला काउंटरवर बसवा, म्हणजे अधिवेशन येईपर्यंत सॉफ्टवेअरवर हात बसलेला असतो. हत्तरगीच्या एरोस्पेस पट्ट्यात परदेशी इंजिनिअर येतात. त्यांची नोंद 24 तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. पासपोर्ट आणि व्हिसाची कुठली पानं स्कॅन करायची हे पोराला आधीच माहीत हवं, रात्री अकराला पाहुणा समोर उभा असताना नव्हे.

टिळकवाडी_मास्तर

खूप उपयोगी. लॉगबुक, म्हणजे रोजच्या कामाच्या नोंदीची वही, आमच्याकडे आहे, पण शेवटच्या दिवशी एकदम सह्या होतात. यावर उपाय?

क्लबरोड_ऑपरेशन्स

दर शनिवारी सुपरवायझरची सही, आणि सोमवारी त्या पानाचा फोटो कॉलेजला. दोन आठवड्यांचे फोटो आले नाहीत तर शिक्षकानं हॉटेलात जायचं, फोन करायचा नाही. रोजच्या नोंदीला पाच ओळी पुरेत: आज काय केलं, किती केलं, काय बिघडलं, का, उद्या काय. "किचनमध्ये मदत केली" असं लिहिलेलं पान बाद धरा.

कढई_आणि_कोष्टक

किचनबद्दल माझे चार शब्द. वरचं बरोबर आहे, पण हॉटेलवाल्यांचीही एक बाजू ऐकवतो. मुलांना अकरा फ्रेंच सॉस तोंडपाठ असतात आणि शंभर पानांचा भात किती घालायचा विचारलं की गप्प. बेळगावात रोजचं काम थाळी, बिर्याणी, तंदूर आणि लग्नाचं जेवण हेच आहे. फ्रेंच पाया काढून टाका असं म्हणत नाही, चिरण्याची पद्धत आणि स्टॉक (हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी) शिकलेलं पोरगं कुठंही चालतं. पण दुसऱ्या सत्रात एक प्रात्यक्षिक मोठ्या प्रमाणावरचं हवं: 100 माणसांना कच्चा तांदूळ 8 ते 10 किलो, वरणाला डाळ 3 ते 4 किलो, आणि त्या मापाचं पातेलं कुठल्या शेगडीवर किती वेळ घेतं ते घड्याळ लावून.

आणि भाव काढायला शिकवा. कांदा 40 रुपये किलोनं आणला, सोलून-निवडून 900 ग्रॅम उरला, तर वापरातला दर 44 रुपये 44 पैसे. मुलं 40 नंच हिशेब मांडतात. पनीर, मटण, कोथिंबीर सगळ्यात हीच चूक केली की पदार्थाचा खर्च कागदावर विक्रीच्या दराच्या 30 टक्के दिसतो, महिनाअखेरीस 37 निघतो आणि मालक चोरी शोधत बसतो. प्रत्येक पदार्थाचं एक प्रमाणकोष्टक: घटक, कच्चं वजन, निव्वळ वजन, दर, किती वाट्या, वाटीचं वजन. असे दहा पदार्थ प्रत्येकाच्या लॉगबुकात हवेत. त्यातले निदान चार आपल्याकडचे असू द्या. कुंद्याला दूध किती आटलं हे मोजलेलं पोरगं उत्पादनातली घट जन्मात विसरणार नाही.

सुरक्षिततेत एकच गोष्ट पक्की करून पाठवा: गार करणं. रात्री उरलेली डाळ मोठ्या पातेल्यात झाकून ठेवतात. वरून गार लागते, मध्ये तासन्‌तास कोमट राहते, आणि जंतूंना 5 ते 60 अंशांचा पट्टाच हवा असतो. 60 वरून 21 अंशांवर दोन तासांत, तिथून 5 वर पुढच्या चार तासांत आणायची. त्यासाठी उथळ ट्रेमध्ये दोन-अडीच इंचांचा थर, खाली बर्फाचं पाणी, पहिले दोन तास झाकण नाही. सळईचा थर्मामीटर प्रत्येक मुलाच्या कोटाच्या खिशात असू दे, महाग नसतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं सुपरवायझरचं प्रशिक्षण मुलांनी जाण्याआधीच करून घ्यावं. 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित माणूस अशी अपेक्षा असते, आणि छोट्या हॉटेलांकडे तो नसतो. तिथं आपलं पोरगं प्रमाणपत्र घेऊन गेलं की त्याच्याकडे बघण्याची नजरच बदलते.

जांबोटीकर

पर्यटनवाल्या मुलांचा प्रश्न कुणी घेतलेला नाही, म्हणून लिहितो.

त्यांना ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायला बसवू नका, ती आता लोक मोबाईलवर काढतात. त्यांना सहल बांधायला लावा, आणि ती इथलीच. एक नमुना देतो: बेळगाव, कित्तूर, देगाव, नंदगड, हलशी, खानापूर, परत बेळगाव. कित्तूरला राणी चन्नम्मांचा किल्ला, देगावला कमलनारायण मंदिर, नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी, हलशीला कदंबांचं भूवराह नरसिंह मंदिर. एका दिवसात बसतं, पण मुलं सकाळी हलशी धरतात आणि मग भर दुपारी कित्तूरच्या उघड्या किल्ल्यात पाहुण्यांना भाजून काढतात. उलटं करा. सकाळी किल्ला, दुपारी देवळांची सावली. मंदिर दुपारी बंद असतं का, संग्रहालयाचा सुटीचा वार कुठला, 15 माणसांना एकदम जेवण कुठं मिळेल, बायकांसाठी स्वच्छ संडास कुठल्या ठिकाणी आहे, हे चार प्रश्न मुलानं प्रत्यक्ष जाऊन लिहून आणायचे. चौथ्याचं उत्तर बहुतेक वेळा सहलीचा मार्गच बदलून टाकतं.

मग खर्च. 17 सीटची टेम्पो ट्रॅव्हलर, किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता, जेवण, गाईड, आणि मुख्य म्हणजे किती माणसं आली तर तोटा होत नाही. 17 भरतील असं धरून दर काढतात आणि 11 येतात. हिशेब 11 वर मांडायचा.

सीमेवर धंदा करणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी पाठ हव्यात. आंबोली महाराष्ट्रात, चोर्ला घाट ओलांडला की गोवा. गाडीला ऑल इंडिया टूरिस्ट परमिट आहे का हे बुकिंगच्या वेळीच बघायचं. नसेल तर त्या-त्या राज्याचा कर भरावा लागतो आणि तो खर्च कोटेशनमध्ये नसतो. आणि गोव्याहून परतताना कणकुंबीच्या नाक्यावर दारूची तपासणी होते. पाहुण्यांना हे निघताना सांगायचं, नाक्यावर नव्हे. एका पिशवीपायी अख्खी गाडी तासभर उभी राहते.

प्रशिक्षणाची जागा म्हणाल तर जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातले रिसॉर्ट आणि होमस्टे, जुलै ते सप्टेंबर. धबधब्यांची गर्दी तेव्हाच असते. शनिवार-रविवार खोल्या कमी, सोमवार ते गुरुवार रिकाम्या, हा इथला खरा प्रश्न आहे. मुलाला तोच सोडवायला द्या: आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी पॅकेज, दर, कुणाला विकायचं. बुकिंग साइटचं कमिशन वजा जाता हातात काय उरतं तेही काढू दे. साइटवर एक दर आणि फोनवर दुसरा दिला की काय होतं, हेही तिथंच कळेल.

भीमगड अभयारण्याचा भाग असेल तर वनखात्याची परवानगी आधी. पावसाळ्यात धबधब्यांच्या वाटा बंद असतात तेव्हा "ओळखीनं नेतो" म्हणणारा गाईड घडवू नका. बारापेडी गुहांतली रॉटनची वटवाघळं (ही वटवाघळांची एक जात) जगभरात दुर्मीळ आहेत. आत टॉर्च घेऊन जाणं हा पर्यटनाचा भाग नाही, हे मुलाला ठणकावून सांगा.

खडेबाजार_77

सगळं छान, पण पैशाचं कुणी बोलेना! पोरं टिकत नाहीत त्याचं कारण अभ्यासक्रम नाही. ऑक्टोबर उजाडला की गोव्यातली हॉटेलं राहणं, जेवण, पगार आणि वर टिप देतात. इथं मालक म्हणतो "शिकतोयस ना, मग?" दिवाळीनंतर निम्मं किचन रिकामं.

क्लबरोड_ऑपरेशन्स

खरं आहे. गोव्याच्या टिपशी इथलं हॉटेल बरोबरी करू शकत नाही. पण पायरी लिहून देऊ शकतं: प्रशिक्षण संपल्यावर कोणत्या पदावर, किती पगारावर, बारा महिन्यांनी पुढची पायरी कोणती. आज ते तोंडी असतं, म्हणून पोराला खोटं वाटतं. दुसरं, 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली 2.5 ते 15 टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, 4 ते 29 वाल्यांना ऐच्छिक आहे. यात सरकारी पोर्टलवर करार होतो आणि स्टायपेंड बंधनकारक असतो. पदवी संपलेल्या मुलांना या मार्गानं घ्या. दुसऱ्या वर्षाचं 17 आठवड्यांचं प्रशिक्षण वेगळं, त्याची यात सरमिसळ नको. पण तिथंही स्टायपेंडचा आकडा आणि तारीख करारात हवीच.

पाठवण्याच्या वेळेचं म्हणाल तर वर्गाचे दोन भाग करा. 20 मुलं जुलैच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंत: शहरात तेव्हा लग्नं नसतात, शेफला शिकवायला सवड असते, श्रावणात शाकाहारी मेन्यू चालतो, आणि पर्यटनवाल्यांना पावसाळी गर्दी मिळते. दुसरी 20 नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत: तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, मग अधिवेशन, पौष-माघातल्या पौर्णिमांना सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा. पहिल्या तुकडीला वेग कमी मिळतो, दुसरीला शिकवणूक कमी. म्हणून किचनमध्ये कच्ची असलेली मुलं पहिल्या तुकडीत घाला.

टिळकवाडी_मास्तर

मंडळी, आभार. एक राहिलं. भाषेचं काय करायचं? खानापूरची मुलं कन्नडला अडतात, गोकाकची मराठीला, आणि इंग्रजीला सगळीच.

कढई_आणि_कोष्टक

जोड्या लावा की. खानापूरचा एक, गोकाकचा एक, प्रशिक्षणात एकाच पाळीत. काउंटरची आणि टेबलाची मिळून चाळीस वाक्यं काढा: खोली तयार व्हायला वीस मिनिटं लागतील, आगाऊ रक्कम किती, तिखट कमी करू का, बिल कुणाच्या नावे. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषांत, लिपीसकट एका कागदावर. परीक्षा तोंडी, आणि परीक्षक हॉटेलचा कॅप्टन (वाढप्यांचा प्रमुख), कॉलेजचा शिक्षक नाही. ऑर्डर कन्नडमध्ये घेऊन केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) इंग्रजीत लिहिणं आणि किचनमध्ये मराठीत ओरडणं, हे एका दमात जमलं की पास.

जांबोटीकर

आणि त्या चाळिसात पाच वाक्यं तक्रारीची घाला. पाहुणा चिडला की पोरं आपल्या घरच्या भाषेवर येतात, आणि समोरचा अजून चिडतो.