मदत हवी आहे : रोपं उगवून आडवी पडतात, भेंडी तर उगवतच नाही

जाईजुई | ३ फेब्रुवारी, रात्री १०:४०
तिसऱ्यांदा बी टाकलंय आणि तिसऱ्यांदा तेच झालंय. टोमॅटो, मिरची उगवतात, पाच-सहा दिवस टवटवीत असतात आणि मग एका रात्रीत मातीलगत देठ काळपट, दोऱ्यासारखा बारीक होऊन रोप आडवं. आज सकाळी अर्धा ट्रे झोपलेला होता. भेंडी आणि दुधीचं बी टाकून १२ दिवस झाले, एकही कोंब नाही. पाणी रोज न चुकता देते, काळजी घेण्यात काही कमी केलेलं नाही. उन्हाळा सुरू व्हायच्या आत रोपं कुंडीत जायला हवीत. नक्की काय चुकतंय? कृपया लवकर सांगा.

अंगणवेल | ३ फेब्रुवारी, रात्री १०:५८
कुठे राहता? बी मातीत टाकलंय की कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात? ट्रेला खाली भोकं आहेत का? ऊन किती तास येतं? एवढं कळल्याशिवाय कोणी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

पाटाचं_पाणी | ३ फेब्रुवारी, रात्री ११:१५
भेंडीचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि सकाळी टोका. माझी चौथ्या दिवशी वर येते. दुधीचं बी ओल्या फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवायचं, मोड आला की लावायचं. आमच्याकडे रत्नागिरीला भात कापल्यावर वाल, कुळीथ नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येतात, वरून पाणीसुद्धा द्यावं लागत नाही. तुमचं बी जुनं असणार, दुसरं काही नाही.

जाईजुई | ३ फेब्रुवारी, रात्री ११:२२
बी जुनं नाही, पाकिटावर पुढच्या वर्षाची मुदत आहे. भिजवूनही झालं. कोकोपीट आहे, ट्रे विकतचा आहे.

शेणमाती | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:०५
ताई, कोकोपीटमध्ये जीव नसतो, तिथेच घोळ आहे. जीवामृत सुरू करा. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकर गुरुजींचं प्रमाण २०० लिटर पाण्याला १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी १ ते २ किलो आणि बांधावरची मूठभर माती. घरासाठी सगळ्याचा दहावा हिस्सा घ्या. ४८ तास सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. माझ्या गच्चीवर सहा वर्षं दुसरं काहीही नाही.

रोपवाटिका | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०
ही रोपांची मर आहे, कोलमड म्हणतात ती. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींचं काम, त्यांना सतत ओल लागते. गूळ-बेसनाचं पाणी चिखलासारख्या ओल्या ट्रेत ओतणं म्हणजे त्यात भरच. कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम घ्या आणि झारीने मुळाशी आळवणी करा. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. माझा रोपांचा व्यवसाय आहे, हंगामात रोज हे बघतो.

शेणमाती | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:५२
घरच्या चार मिरच्यांसाठी विकतचं औषध? मग बाजारची भाजी काय वाईट होती? घरी लावतोच कशासाठी आपण?

रोपवाटिका | ४ फेब्रुवारी, सकाळी १०:१०
मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण द्राक्षबागांवर किती पिढ्यांपासून मारतात! तांबंच आहे ते. रोप दोन पानांचं असताना केलेल्या आळवणीचा दोन महिन्यांनी येणाऱ्या फळाशी काय संबंध? आणि जीवामृत चांगलंच आहे, पण मोठ्या झाडाला, निचऱ्याच्या मातीत. रोपाची मान कुजत असताना नाही.

थंडीतली_बाग | ४ फेब्रुवारी, सकाळी १०:४५
मी न्यू जर्सीत आहे. इथे मेच्या मध्यापर्यंत रोपं बाहेर ठेवता येत नाहीत, म्हणून मार्चमध्ये घरातच दिव्याखाली टोमॅटो, मिरची करते. पहिल्या वर्षी अगदी हेच झालं होतं. तेव्हापासून दोन गोष्टी पाळते. रोपांवर दिवसभर छोटा पंखा हळू सोडायचा, आणि पाणी वरून कधीच द्यायचं नाही. परातीत बोटभर पाणी घेऊन ट्रे त्यात ठेवायचा, वरचा थर ओलसर दिसला की बाहेर काढायचा. शिवाय मिरचीच्या ट्रेखाली उबेची चटई असते, त्याशिवाय ती माझ्याकडे तीन-तीन आठवडे डोकं वर काढत नाही.

पाटाचं_पाणी | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:००
पंखा आणि चटई अमेरिकेत ठीक आहे. आपल्याकडे फेब्रुवारीत कसली आलीय थंडी? आम्ही रात्री पंखा लावून झोपतोय.

अंगणवेल | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:०८
ते रत्नागिरीला. त्या कुठे आहेत ते अजून सांगितलेलंच नाही. जाईजुई, गाव कुठलं? गॅलरी की गच्ची?

हळदीचं_पान | ४ फेब्रुवारी, दुपारी १:२०
इथेच विचारते. माझी कुंडीतली हळद पूर्ण पिवळी पडून वाळत चालली आहे. पाणी वाढवू का? की खत कमी पडतंय?

शेणमाती | ४ फेब्रुवारी, दुपारी १:३५
उलट पाणी बंद करा. हळद काढायची वेळ झाली. पानं पूर्ण वाळली की आठवड्या-दोन आठवड्यांनी कुंडी उपडी करा. थोडे गड्डे बेण्याला सावलीत ठेवा, अक्षय तृतीयेच्या सुमाराला परत लावता येतील.

जाईजुई | ४ फेब्रुवारी, रात्री ९:१५
उशीर झाला, दिवसभर ऑफिसात होते. नाशिकला आहे, दुसरा मजला, गॅलरी उत्तरेकडे. ऊन येत नाही, उजेड भरपूर आहे. नुसती कोकोपीटची वीट भिजवून ट्रे भरलेत. पाणी सकाळी आणि संध्याकाळी. रात्री प्लॅस्टिकने झाकते, ऊब राहते असं व्हिडिओत बघितलं होतं, म्हणून सकाळी ऑफिसला निघतानाही काढत नाही. ट्रेच्या खाली ताटली आहे, गॅलरीत पाणी सांडू नये म्हणून.

अंगणवेल | ४ फेब्रुवारी, रात्री ९:४०
आता सगळं कळलं. तुम्ही मनापासून केलंय, पण रोपांना सततची ओल मिळाली आणि ऊन मिळालंच नाही. नुसतं कोकोपीट पाणी धरून बसतं, त्यात संध्याकाळचं पाणी, खाली तुंबलेली ताटली, वर प्लॅस्टिक. ऊन नसेल तर प्लॅस्टिकखाली ऊब तयार होत नाही, दमटपणा तेवढा कोंडतो. रोपवाटिका म्हणतात ती बुरशी अशाच जागी माजते.

भेंडीचं कारण वेगळं. भेंडी आणि दुधी ही उबेची पिकं. माती २० अंशांच्या खाली असली की बी नुसतं पडून राहतं, आणि ओल असेल तर कुजतं. जवळच्या निफाडच्या कडाक्याच्या थंडीचा आकडा पेपरात येतो तेव्हा नाशिक शहरातही पहाटे गारठा असतोच, आणि उत्तरेच्या गॅलरीत दिवसाही माती तापत नाही. पाटाचं_पाणी यांची भेंडी चौथ्या दिवशी येते ती कोकणात.

तेव्हा आधी जागा बदला. सोसायटीची गच्ची मिळेल का? उत्तरेच्या कठड्याला आतून लागून ठेवा, त्यावर दक्षिणेचं ऊन येतं, सिमेंट दिवसभर तापतं. ट्रेमधलं जुनं सगळं टाकून द्या, ट्रे धुऊन उन्हात वाळवा. माती, गांडूळखत आणि दोनदा धुतलेलं कोकोपीट सारख्या भागाने घ्या. त्यात चमचाभर ट्रायकोडर्मा कालवा, ती मित्रबुरशी आहे, मर आणणाऱ्या बुरशीला वाढू देत नाही. कॉपर त्याच वेळी वापरू नका, ते तिलाही मारतं. पाणी फक्त सकाळी आणि तेही बोट खुपसून कोरडं लागलं तरच. भेंडी ट्रेत नकोच, सोटमूळ दुखावतं. थेट कुंडीत टोका, दीड-दोन सेंटिमीटर खोल. आणि बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचं असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं, हात धुवा, लहान मुलांना हाताळू देऊ नका.

रोपवाटिका | ४ फेब्रुवारी, रात्री १०:०२
ट्रायकोडर्मा हे आधीपासून करायचं काम, आजाराला सुरुवात झाल्यावर कॉपरच. नव्याने भरताय तर अंगणवेल म्हणतात ते बरोबर. पण टोमॅटोचा नाद आता सोडा. बी आज टाकलं तर फुलं एप्रिलमध्ये येणार. दिवसा ३५ अंशांच्या वर पारा गेला की फुलं गळतात, फळ धरत नाही. मिरची, वांगी, गवार, चवळी, काकडी, दोडका, लाल माठ यांवर भर द्या. भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका बघा, पानं पिवळी पडणाऱ्या केवड्याला बऱ्यापैकी तग धरतात.

थंडीतली_बाग | ४ फेब्रुवारी, रात्री १०:३०
टोमॅटोची दोन झाडं तरी ठेवू द्या त्यांना. माझी आई पुण्याला ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली मेपर्यंत टोमॅटो काढायची. थोडे यायचे, पण यायचे.

पालापाचोळा | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:१०
गांडूळखत विकत कशाला? आता पानगळ सुरू आहे, रस्त्यावर बदामाच्या, पिंपळाच्या पानांचे ढीग पडलेत आणि लोक ते पेटवून देतात. मला फार वाईट वाटतं. आमच्या सोसायटीत मी तीन वर्षं विनवण्या करतोय, तरी सकाळी धूर असतोच. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार या शेतकऱ्यांच्या चळवळीतून हेच सांगितलं : पाला कुजवा, माती घरी तयार करा, १० गुंठ्यांत पाच जणांचं कुटुंब जगतं. दोन पोती पाला भरा, ओला करा, थोडं शेणाचं पाणी शिंपडा, पावसाळ्यापर्यंत काळं सोनं तयार.

जाईजुई | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:४०
पावसाळ्यापर्यंत थांबता येणार नाही हो, मला आत्ता लावायचंय. पण पाला भरून ठेवते. गच्चीसाठी सेक्रेटरींना विचारते. पाणी गळेल म्हणून नकार देतील अशी भीती आहे.

अंगणवेल | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:५५
कुंड्या विटांवर ठेवा, खालची जमीन रोज कोरडी होते आणि झाडताही येते. हे त्यांना दाखवून द्या, बहुतेक तयार होतात.

जाईजुई | २६ फेब्रुवारी, रात्री ८:५०
कळवायचं राहिलं होतं. गच्चीचा एक कोपरा मिळाला, टाकीच्या दक्षिणेला. ट्रे नव्याने भरला, ट्रायकोडर्मा घातलं, परातीतून पाणी देते, प्लॅस्टिक बंद. मिरचीची २२ रोपं उभी आहेत, दोनच गेली. भेंडी सातव्या दिवशी वर आली, आठ कुंड्यांत मिळून १४. दुधी मोड आणून लावला, तोही आला. टोमॅटोची दोनच ठेवलीत. खरंच मनापासून आभार, मी बियाणंवाल्याला दोष देत बसले होते.

आता मिरचीची वरची पानं वाटीसारखी वर वळली आहेत. हे उन्हाने आहे का?

रोपवाटिका | २६ फेब्रुवारी, रात्री ९:०५
पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटका. बारीक पिवळसर, लांबट किडे पळताना दिसतात का? दिसले तर फुलकिडे, म्हणजे चुरडा-मुरडा (पानं आकसून वळण्याचा रोग) सुरू होतोय.

शेणमाती | २६ फेब्रुवारी, रात्री ९:१२
निंबोळी अर्क. संध्याकाळी फवारा. आणि आता तरी कॉपर नको.

जाईजुई | २७ फेब्रुवारी, सकाळी ७:०५
झटकून बघितलं. तीन-चार पळताना दिसले.