पहिल्यांदा अंगावर उठतं तेव्हा : लहान मुलांची अन्नाची ॲलर्जी, इंदूरकरांचा अनुभव धागा

मूल सहा महिन्यांचं झालं की उष्टावण होतं, आणि पुढच्या वर्षभरात त्याच्या वाटीत खीर, दाण्याचं कूट, पोह्यांवरची शेव, संक्रांतीचा तिळगूळ असं सगळं येऊन जातं. त्यातल्या एखाद्या घासानंतर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या तर काय करायचं, हे कामातून ज्यांना नीट ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं. घरच्या हकिगती नकोत. करायचं काय, किती आणि चुकतं कुठे, तेवढंच लिहा.

बालरोग विभागातली परिचारिका, सुदामा नगर

आधी घड्याळ बघा. खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत जे उठतं ते ॲलर्जीचं असण्याची शक्यता जास्त. मग बाळाचे सगळे कपडे काढा. तोंडाभोवतीची लाली सगळ्यांना दिसते, पण पाठ, काखा आणि लंगोटाखालची जागा कुणी बघत नाही. टोमॅटो किंवा संत्र्याचा रस जिथे लागला तेवढीच हनुवटी लाल झाली असेल आणि धुतल्यावर थोड्या वेळात उतरली, तर बहुधा ती कातडीची जळजळ असते. जिथे अन्न लागलंच नाही तिथेही गांधी आल्या, तर ॲलर्जी धरून चाला.

आता खरा प्रश्न : फक्त कातडी, की आणखी काही? पुढचं काहीही एक दिसलं तर वाट बघू नका. आवाज बसला किंवा रडणं घोगरं झालं. सारखा खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणं. जीभ सुजली, लाळ गिळता येईना. बाळ पांढरं पडलं, लुळं पडलं, खेळता खेळता एकदम गप्प झालं. अंगावर गांधी आणि जोडीला परत परत उलट्या, हेही त्यातच धरा. दुसऱ्या टोकाचंही सांगते : गांधी एकही नसताना श्वास अडकू शकतो. "अंगावर तर काही नाही" म्हणून निर्धास्त होऊ नका.

अशा वेळी बाळाला आडवं ठेवा, पाय थोडे वर. दम लागत असेल तर मांडीवर टेकून बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. उभं धरून येरझाऱ्या घालू नका, खांद्यावर टाकून जिने उतरू नका, आणि स्कूटरवर पुढे उभं करून तर कधीच नेऊ नका. रक्तदाब उतरलेला असताना उभं केलं की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं. १०८ ला फोन करा. स्वतःची गाडी असेल तर एकाने चालवायची आणि दुसऱ्याने मागच्या सीटवर बाळाला घेऊन बसायचं. रंगपंचमीला गेरीमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात. त्या दिवशी त्या भागात जाणार असाल तर जवळचा दवाखाना कोणता, हे सकाळीच ठरवून ठेवा.

बालरोगतज्ज्ञ, राजेंद्र नगर

वरच्या लक्षणांवर एकच औषध आहे, ॲड्रेनॅलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे १० किलोच्या बाळाला ०.१ मिलिलिटर. उतार पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. आईवडिलांनी हा हिशेब करायचा नाही, पण बाळाचं आजचं वजन तोंडपाठ हवं. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो.

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो : घरी सेटिरिझिन पाजतात आणि अर्धा तास बघत बसतात. सेटिरिझिन खाज आणि गांधी उतरवतं. सुजलेला घसा ते उघडत नाही, उतरलेला रक्तदाब वर आणत नाही. फक्त कातडीवर असेल तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत जरूर द्या. झोप आणणारी जुनी औषधं मात्र टाळा. बाळ औषधाने पेंगतंय की शुद्ध हरपतेय, हे मग कुणालाच कळत नाही.

इंजेक्शननंतर बाळ हसायला लागलं तरी किमान चार ते सहा तास दवाखान्यातच थांबा. काही मुलांत लक्षणं काही तासांनी पुन्हा उसळतात.

एक वेगळा प्रकारही लक्षात ठेवा. भाताची पेज दिल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या, बाळ पांढरंफटक आणि सुस्त, अंगावर मात्र काहीच नाही. हे "पोट बिघडलं" म्हणून सोडून दिलं जातं आणि पुढच्या आठवड्यात पेज दिली की तेच पुन्हा होतं. यात गांधी उठवणाऱ्या ॲलर्जीची रक्ततपासणी किंवा टोचून केलेली तपासणी सहसा काही दाखवत नाही. निदान वेळेच्या नोंदीवरून होतं.

मेडिकल दुकानदार, तिलक नगर

सेटिरिझिनबद्दल जोडतो. सिरपमध्ये बहुतेक ५ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असतं. त्याच नावाने थेंबही मिळतात, त्यात १ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असू शकतं. म्हणजे दहापट. "अर्धा चमचा" ही मात्रा बाटली बदलली की धोक्याची होते. चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्या, आणि मोजायला औषधाची सिरिंज वापरा. घरातले चमचे सारखे नसतात.

डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनचं ॲम्प्यूल (औषधाची काचेची बंद कुपी) घरी ठेवायला सांगितलं असेल तर १ मिलिलिटरची, शतांशाच्या खुणा असलेली सिरिंज मागा. इन्सुलिनची सिरिंज नको. तिच्यावर युनिटच्या खुणा असतात, ४० ची आणि १०० ची वेगळी, आणि सुई इतकी आखूड की औषध स्नायूपर्यंत पोचत नाही. ॲम्प्यूल उजेडापासून दूर, खोक्यातच ठेवा. मेच्या उन्हात गाडीच्या खणात ठेवू नका, बर्फाच्या कप्प्यातही नको. रंग गुलाबी किंवा तपकिरी झाला की टाकून द्या.

अंगणवाडी सेविका, राऊकडची

आमसुलाच्या पाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. आजी ते लावते, त्याने खाज निवल्यासारखी वाटते. लावा, आजीला दुखवायचं कारण नाही. पण ते लावायला एक माणूस आणि बाळाच्या श्वासाकडे बघायला दुसरा, असं असू द्या. घरगुती उपाय म्हणून पाजायचं मात्र काहीच नाही. हळदीचं दूध नाही, मध नाही, उलटी काढायला मिठाचं पाणी तर मुळीच नाही. तोंडातला घास बोटाने हळूच काढा, तोंड आणि हात धुवा. ओवाळून दृष्ट नंतर काढता येते.

"उष्ण पडलं असेल" हा शब्द फार नुकसान करतो. उष्ण म्हटलं की थंड काहीतरी द्यायचं सुचतं, आणि खाल्लं काय होतं हे विचारायचं राहून जातं.

दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर काम करणारी, लोकमान्य नगर

भाषेची एक अडचण. आपण म्हणतो "पित्त उठलंय". इंदूरच्या दवाखान्यात हिंदीत "पित्त हो गया" म्हटलंत तर समोरचा आंबट ढेकर समजतो. "पित्ती उछली है" म्हणा. "गांधी" तर कुणालाच कळत नाही. शेंगदाण्याला मूंगफली म्हणा, नमकीनवाल्याकडे सींगदाना. तीळ म्हणजे इथे तिल्ली. आणि पहिलं वाक्य हेच : "खाने के बाद साँस में तकलीफ है." त्याने रांग सोडून आत घेतात.

आहारतज्ज्ञ, वैशाली नगर

उष्टावणाच्या खिरीत दूध, काजू, बदाम, पिस्ते, केशर एकदम असतं. काही झालं तर दोषी कोण, सांगता येत नाही. म्हणून त्या दिवशी ओठाला लावण्यापुरतं सगळं करा, पण पोटभर खाऊ घालताना नवा पदार्थ एका वेळी एकच, सकाळच्या वेळी, बाळ बरं असताना. संध्याकाळी नको, कारण झोपलेल्या बाळावर लक्ष राहत नाही.

दाणे उशिरा देणं सुरक्षित, ही समजूत जुनी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, शेंगदाण्याच्या ॲलर्जीवरच्या लीप (LEAP) नावाच्या अभ्यासात, ज्यांना धोका जास्त होता अशा ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना नेमाने शेंगदाणा दिल्यावर पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी खूपच कमी आढळली. मात्र बाळाला जोरदार एक्झिमा (कोरडी, लाल, खाजणारी कातडी) असेल किंवा अंड्याची ॲलर्जी आधीच असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. बाकीच्यांनी दाणे भाजून, सालं काढून, अगदी मऊ पूड करून पेजेत कालवायची. चमच्याच्या टोकावर येईल एवढी द्या, दहा मिनिटं थांबा, मग उरलेली हळूहळू. पुढचे दोन तास नजर ठेवा. अख्खे किंवा जाडसर कुटलेले दाणे लहान मुलांना नकोत, ते श्वासनलिकेत अडकतात.

एकदा प्रतिक्रिया आली की "थोडंसं देऊन बघू" घरी करायचं नाही. ती चाचणी दवाखान्यातच. आणि भीतीने दहा पदार्थ बंद करू नका. गाईचं दूध सोसत नसेल तर म्हशीचं किंवा शेळीचं हा उपाय नाही, त्यातली प्रथिनं बरीचशी सारखी असतात. काजू सोसला नाही तर पिस्ताही थांबवा, ते दोघे सख्खे. ऐंशी पदार्थांची एकगठ्ठा रक्ततपासणी करून घेऊ नका. रक्तात ॲलर्जीची खूण सापडली म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नाही, आणि आयजीजी या रक्तातल्या वेगळ्या प्रतिद्रव्याच्या तपासणीचा तर ॲलर्जीशी संबंधच नाही. टोचून करायच्या तपासणीआधी सेटिरिझिनसारखी औषधं किती दिवस बंद ठेवायची ते विचारा, साधारण आठवडाभर धरा. घेतलेली असतील तर तपासणी खोटा दिलासा देते.

नमकीन करणारा, मल्हारगंज

शेव म्हणजे बेसन. हरभऱ्याची ॲलर्जी असते, हे बऱ्याच पालकांच्या डोक्यातच नसतं. दुसरं म्हणजे कढई. एकाच तेलात शेव, मग मसाला दाणे, मग काजू तळले जातात. "इसमें सींगदाना नहीं है" हे खरं असतं, पण तेलात त्याचा अंश असतो. म्हणून "इसमें क्या है" याबरोबर "इसी तेल में और क्या तला" हेही विचारा. घाणीच्या शेंगदाणा तेलात प्रथिनं उरतात, रिफाइंडमध्ये जवळजवळ नसतात.

बंद पाकिटावर दूध, अंडी, शेंगदाणे, सुका मेवा, सोयाबीन, गहू यांची वेगळी सूचना २०२० च्या लेबल नियमांत आहे. तीळ आणि हरभरा त्या यादीत नाहीत. गजक, चिक्की, शेव घेताना पूर्ण घटकसूची वाचा. सुट्या मालाला सूचीच नसते.

पुन्हा सुदामा नगरची परिचारिका

एक राहिलं. गांधी दवाखान्यात पोचेपर्यंत उतरलेल्या असतात, म्हणून फोटो काढा, कपड्यांसकट नाही, उघड्या पाठीचा. पाकीट किंवा उरलेला घास डब्यात घालून बरोबर आणा. कागदावर चार गोष्टी लिहा : काय, किती चमचे, किती वाजता खाल्लं, पहिलं लक्षण किती वाजता. फोटो काढायला दहा सेकंद लागतात. श्वासाचा त्रास असेल तर तेवढेही थांबू नका, निघा.