फुटपाथसाठी, सायकलसाठी कुणाकडे गेलात आणि काय हाती लागलं? (अनुभव धागा)

मुंबईत घरातून स्टेशनवर, स्टेशनवरून कामावर बहुतेक माणसं पायीच जातात. तरी रस्ता खोदून परत बांधला की फुटपाथचा विचार सगळ्यात शेवटी होतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हा हक्क आपल्या गल्लीपर्यंत पोचवायचा तर कुणीतरी अर्ज घेऊन कार्यालयात जायला लागतं. तुमच्यापैकी जे गेले आहेत त्यांनी लिहावं. नुसता संताप नको. काय मागितलं, कुणाकडे मागितलं, काय मिळालं, काय अडलं ते सांगा, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

शाळेच्या गल्लीतली एक आई, पश्चिम उपनगर

आमच्या मुलांच्या शाळेसमोर फुटपाथ आहे, पण त्यावर विजेची पेटी, दोन झाडांचे कठडे आणि एक बंद पडलेला टेलिफोनचा खांब. शाळा सुटली की पोरं सरळ रस्त्यावर उतरतात, आणि त्याच वेळी स्कूलबस मागे घेत असतात. पालिकेच्या ॲपवर तक्रार केली, ती 'निकाली' म्हणून बंद झाली. जागेवर कुणी आलंच नव्हतं.

मग आम्ही काही पालक एका रविवारी सकाळी मोजपट्टी घेऊन उतरलो. रस्त्यांच्या कामाचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची 'आयआरसी १०३' ही मार्गदर्शिका आहे. त्यात मोकळ्या फुटपाथची रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. आमच्याकडे पेटीजवळ एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा. कड काही ठिकाणी गुडघ्याच्या निम्म्यावर येते. दप्तर घेतलेलं पहिलीतलं पोर तिथे हात टेकून चढतं. हे सगळं दिव्याच्या खांबांच्या क्रमांकासकट लिहिलं. 'अमुक खांब ते तमुक खांब' असं लिहिलं की जागा नेमकी कुठली, हा प्रश्नच उरत नाही. अर्ज वॉर्डच्या परिरक्षण विभागाच्या सहायक अभियंत्यांच्या नावाने केला, प्रत सहायक आयुक्तांना दिली आणि आवक विभागातून पोचेचा शिक्का घेतला.

फरक पडला तो मात्र कनिष्ठ अभियंत्यांना शाळा सुटायच्या वेळी बोलावल्यावर. दुपारी रिकाम्या गल्लीत पाहणी झाली असती तर त्यांना काही दिसलंच नसतं. ते आमच्याबरोबर पोरांच्या गर्दीतून गेटपासून कोपऱ्यापर्यंत चालले. पुढे कड उतरवली, गेटपाशी उतार झाला, झेब्रा पट्टे आले, टेलिफोनचा खांबही गेला. विजेची पेटी अजून तिथेच आहे, कारण ती वीज कंपनीची आणि हलवण्याचा खर्च कुणी करायचा यावर पत्रव्यवहार चालू आहे. आम्ही सोडलेलं नाही.

निवृत्त शिक्षिका, दादर

फुटपाथ म्हटलं की लोक लगेच फेरीवाल्यांवर घसरतात, म्हणून लिहिते. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं बजावलं. ते योग्यच आहे, जिन्याच्या तोंडाशी वाट मोकळी हवीच. पण माझी भाजी मी त्याच बायकांकडून घेते, आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही हक्क दिलेत. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने 'हटवा' अशी मागणी केलीच नाही. स्टेशनपासून लांबच्या गल्लीत चालण्यापुरती पट्टी आखून द्या, टोपल्या तिच्या आतल्या बाजूला राहतील, एवढंच मागितलं. भाजीवाल्या बायकांच्या सह्याही त्याच अर्जावर घेतल्या. पट्टी आखून मिळाली आणि पावसाळ्यात रंग उडाल्यावरही बायका ती पाळतात. पालिकेची गाडी आली की पांगापांग, गेली की पुन्हा जैसे थे, त्यापेक्षा मला हे जास्त टिकाऊ वाटतं.

वरच्या दोघींना

एक मुद्दा सुटू नये. मोटारसायकली चढू नयेत म्हणून लोक फुटपाथच्या तोंडाशी खांब मागतात. ते जवळजवळ रोवले की व्हीलचेअर अडते. माझा भाऊ व्हीलचेअर वापरतो, त्याला कितीदा रस्त्यावरून जावं लागलंय. २०२३ मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराच्या ईमेलवरून उच्च न्यायालयाने स्वतःहून या खांबांची दखल घेतली. तेव्हा अर्जात 'खांब बसवा' एवढंच लिहू नका, मधून व्हीलचेअर गेली पाहिजे हेही लिहा.

सायकलने कामावर जाणारा, पूर्व उपनगर

सायकल म्हटलं की प्रशासनाला निसर्गरम्य ट्रॅक सुचतो. पवई तलावाच्या कडेचा ट्रॅक मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. मी रोज सायकल चालवतो आणि तरी मला तो निकाल पटतो, तलाव बुजवून मला रस्ता नको. मुलुंड ते शीव तानसा जलवाहिनीलगत ३९ किलोमीटरच्या मार्गाची घोषणा झाली तेव्हा खरी आशा वाटली होती. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, ट्रॅक होते, त्यांवर गाड्या उभ्या राहिल्या आणि २०२५ मध्ये रस्ता रुंद करण्यासाठी ते काढायचंच ठरलं. डबेवाले, दूधवाले, पाववाले, वॉचमन, कारखान्यातले कामगार सायकलवरच असतात. ते सकाळी फिरायला निघालेले नसतात. त्यांना जायचं असतं त्याच रस्त्याची डावी कड सुरक्षित हवी.

म्हणून मी छोटी गोष्ट धरली, ती म्हणजे पावसाळी गटारांवरच्या जाळ्या. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने असले की पुढचं चाक थेट फटीत जातं. पाणी साचलेलं असताना तर ते दिसतही नाही. आमच्या भागात काँक्रिटीकरण सुरू झालं तेव्हा मी काम चालू असतानाच देखरेखीच्या अभियंत्यांना गाठलं, हातातली सायकल जाळीवर उभी करून दाखवली. त्यांनी कंत्राटदाराला जाळ्या फिरवून आडव्या बसवायला लावल्या. खर्च शून्य. काँक्रीट सुकल्यावर गेलो असतो तर 'पुढच्या वेळी बघू' हेच ऐकलं असतं. तुमच्या रस्त्याचं काम सुरू असेल तर आजच जा.

महामार्गालगत राहणारे

आमचा वेळ गेला तो रस्ता कुणाचा हे शोधण्यात. सेवा रस्ता आणि पुलाखालची वाट, प्रत्येक कार्यालय दुसरीकडे बोट दाखवायचं. पूर्व आणि पश्चिम असे दोन्ही द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून) पालिकेकडे आले, त्यामुळे जुनी पत्रंही भलत्याच दारात पडून होती. शेवटी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला आणि एकच प्रश्न विचारला: या खांबापासून त्या खांबापर्यंतच्या पट्ट्याची देखभाल कोण करतं? ३० दिवसांच्या मुदतीत लेखी उत्तर आलं आणि त्यानंतर कुणी टोलवलं नाही. पुलाखाली दिवे लागलेत. फुटपाथचं काम मंजूर झालंय म्हणतात, कार्यादेशाची प्रत मागितली आहे.

एक प्रश्न

सिग्नलवर पायी ओलांडायचा वेळ वाढवून मिळालाय का कुणाला? आमच्या इथे अर्ध्यात पोचेपर्यंत लाल होतो.

उत्तर, निवृत्त शिक्षिका

हो, आम्हाला मिळाला. वेळ वाहतूक पोलीस ठरवतात, त्यामुळे अर्ज वाहतूक चौकीत द्या आणि प्रत वॉर्डला. आमच्या संघातल्या काठी घेऊन चालणाऱ्या एक बाई रस्ता ओलांडताना त्यांचं मोबाइलवर चित्रण केलं, त्यात सिग्नलचे आकडेही दिसत होते. चौकीतल्या साहेबांनी ते पाहिलं आणि काही सेकंद वाढवून दिले. गर्दीच्या वेळी ते पुन्हा कमी होतात का, यावर लक्ष ठेवा.