आठ घरांची एक परसबाग: मका-बरबटी-कोहळ्याचा मेळ कसा बसवावा?

लेआऊटवाले, नागपूर
आमच्या लेआऊटमधला 20 बाय 40 फुटांचा तुकडा आठ घरं मिळून लावणार आहोत. माती काळी, भारी. नळ एकाच कोपऱ्यात. काहींचं म्हणणं, प्रत्येक घराला वेगळा वाफा द्या. बाकीच्यांना वाटतं की मका, बरबटी (चवळी), कोहळं एकमेकांना धरून वाढतात, तशी कामंही एकत्र करावी. मृगाआधी ठरवायचं आहे. जाणकारांनी सांगावं.

काळी_माती
एकत्रच लावा. घरटी वाफे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला मक्याची चार-सहा ताटं येतील आणि कणसं बोडकी निघतील. तुऱ्यातले पराग वाऱ्याने शेजारच्या कणसाच्या केसांवर पडले तरच दाणे भरतात. त्यामुळे मका लांब एका ओळीत लावू नका. निदान चार ओळींचा चौकोन हवा, दोन ओळींत 2 फूट आणि दोन झाडांत 1 फूट अंतर. चौकोन उत्तरेच्या बाजूला घ्या, पुढे हिवाळ्याकडे त्याची सावली बाकीच्या भाजीवर पडत नाही.

तिन्ही बिया एकाच दिवशी टोबू नका, घोळ बहुतेक इथेच होतो. बरबटी झपाट्याने चढते आणि कोवळं ताट आडवं करते. आधी मका. तो वीतभर झाला की वेलीची बरबटी, ताटापासून चार बोटं सोडून. आणखी आठवड्याने चौकोनाच्या कडेला कोहळं, वेल बाहेर वळवून. त्याच्या रुंद पानांखाली तण दबतं, ओलही टिकते.

ही पद्धत मूळची उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची. तिथे शेंगा आणि कणसं बहुतेक वाळल्यावरच काढत, मध्ये शिरायची वेळ फारशी येत नसे. आपल्याला हिरव्या शेंगा हव्यात, म्हणून दोन ओळींनंतर दीड फुटाची वाट सोडा. वाफे 9 इंच उंच करा. काळ्या मातीत पाणी तुंबलं की मका पिवळा पडून बसतो.

गाठी_मुळांच्या
वरचं सगळं बरोबर, एक भर घालतो. बरबटी मक्याला नत्र पुरवते असं सरसकट सांगितलं जातं. गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात हे खरं, पण त्या हंगामात ते बहुतांश बरबटीच वापरते. मक्याला शेणखत वेगळं द्यावंच लागेल, चौरस मीटरला 2 ते 3 किलो. फायदा मागाहून मिळतो. वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं-पाला तिथेच कुजला की रब्बीतल्या मेथी-सांभाराला (कोथिंबिरीला) तो लागू पडतो.

गाठी काम करतात का ते बघायचं असेल तर फुलोऱ्यात एक झाड खणून काढा आणि गाठ नखाने चिरा. आत गुलाबी असेल तर ठीक. पांढरी किंवा हिरवट असेल तर पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम (हेच गाठींतले जिवाणू) चोळा, किलोला 25 ग्रॅम.

सापळा_पीक
टमाटर लावणार असाल तर झेंडू हवाच. झेंडूचं रोप 40 दिवसांचं, टमाटरचं 25 दिवसांचं, लावणी एकाच दिवशी. मग दोघांना फुलं बरोबर येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीची मादी बरीच अंडी झेंडूच्या कळ्यांवर घालते. पण त्या कळ्या रोज कुणी तपासल्या नाहीत तर झेंडू अळ्यांचं माहेर होतो.

म्हणून वाफे वाटू नका, कामं वाटा. सकाळी घरी असणाऱ्यांकडे झेंडू आणि कोहळं द्या. मधमाश्या कमी दिसल्या तर 9 च्या आत कोहळ्याचं नरफूल तोडून मादीफुलाला टेकवावं लागतं. मादीफुलाच्या खाली इवलंसं फळ असतं. नळाजवळच्या घराकडे पाणी. नोकरीवाल्यांकडे रविवारची निंदणी आणि खताचा खड्डा. तोडणी दोन घरांवर ठेवा. एक घर गावाला गेलं आणि शेंगा वेलीवरच निबर झाल्या, तर बरबटी नवी फुलं धरायची थांबते.

लेआऊटवाले, नागपूर
मनापासून आभार. बरबटीवर मावा आला तर कोणी आपल्या मनाने औषध मारेल, ही धास्ती आहे.

सापळा_पीक
हे आधीच ठरवून घ्या: सगळ्यांना विचारल्याशिवाय फवारणी नाही. मावा आला की तो खायला लेडीबर्ड किडा येतो. त्याची अळी काळसर, लांबुळकी, नारिंगी ठिपक्यांची असते, लोक तिलाच शत्रू समजून चिरडतात. सगळ्यांना एकदा पानावर ती दाखवून ठेवा. मावा वाढला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा. तरी हटला नाही तर कुटलेली निंबोळी लिटरला 50 ग्रॅम रात्रभर भिजवा, गाळा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा.