मदत हवी: ३३ केव्ही ट्रान्सफॉर्मर अडकलाय, व्हेंडर भाव वाढवून मागतोय

साईट_मराठवाडा
नमस्कार मंडळी, तातडीचं आहे. सौर कृषी वाहिनीचा प्रोजेक्ट आहे, आम्ही ईपीसी, म्हणजे डिझाईन, खरेदी, उभारणी सगळं आमच्याकडे. मॉड्यूल आले, स्ट्रक्चर उभं राहिलं, ३३ केव्हीची लाईन ओढून झाली, व्हीसीबी (ब्रेकर) पॅनल साईटवर ताडपत्रीखाली पडून आहे आणि ट्रान्सफॉर्मरवाला आता म्हणतोय की सीआरजीओ (कोअरचं खास पोलाद) मिळत नाही, तांबं वाढलंय, १२ टक्के वाढवून द्या नाहीतर तुमचा स्लॉट दुसऱ्याला देतो. क्लायंटचा रोज फोन, एलडी (उशिराचा दंड) लावू म्हणतात. आमचे साहेब म्हणतात परचेसला तू आहेस, तूच सोडव. काय करू? कोणाकडे रेडी स्टॉक असेल तर तेही सांगा, प्लीज.

कोअर_कॉइल
कुठला ट्रान्सफॉर्मर ते तरी लिहा! किती एमव्हीए, किती वायंडिंग, पीओ (खरेदीची ऑर्डर) फर्म प्राईस की पीव्ही (कच्च्या मालाप्रमाणे बदलता भाव), अ‍ॅडव्हान्स किती गेलाय. एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

खान्देशी_काँट्रॅक्टर
ऑर्डर कॅन्सल करा आणि त्याच्या रिस्क अँड कॉस्टवर (जादा खर्च त्याच्याकडून वसूल करून) दुसरीकडून उचला. आम्ही एका साईटला हेच केलं. आज १२ दिले की डिस्पॅचच्या आदल्या दिवशी अजून ५ मागेल, मी पाहिलंय हे.

साईट_मराठवाडा
५ एमव्हीए, ३३/०.८ केव्ही, इन्व्हर्टर ड्युटी (सोलर इन्व्हर्टरला जोडायचा), एलव्हीला (कमी व्होल्टेजच्या बाजूला) दोन वायंडिंग, दोन नग. पीओ फर्म आहे. अ‍ॅडव्हान्स २० टक्के, बीजी (बँक गॅरंटी) घेतलेली आहे. आता सांगा कॅन्सल करू का?

कोअर_कॉइल
खान्देशी भाऊ, हा काही रस्त्यावरचा डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर नाही की दुकानातून उचलला. इन्व्हर्टर ड्युटीला एचव्ही-एलव्हीच्या (जास्त आणि कमी व्होल्टेजच्या वायंडिंगच्या) मध्ये शील्ड लागते, इम्पिडन्स इन्व्हर्टरवाल्याच्या मागणीप्रमाणे, हार्मोनिक्सचा विचार करून डिझाईन. नवा व्हेंडर म्हणजे नवी जीटीपी (तांत्रिक तपशिलाचा तक्ता), नवं ड्रॉइंग, परत अप्रूव्हल आणि त्याच्या रांगेत सगळ्यात शेवटी तुम्ही. रेडी स्टॉकचं तर विसराच.

खान्देशी_काँट्रॅक्टर
मग काय त्याच्या पाया पडायचं? धाक नसेल तर व्हेंडर कामच करत नाही, हे मी ठामपणे सांगतो.

परचेसवाली
दादा, धाक कागदाचा असतो. @साईट_मराठवाडा, १२ टक्के बाजूला ठेवा आणि आत्ता फाईल उघडून मला दोन गोष्टी सांगा. एक, बीजी कधी संपतेय, क्लेमची तारीख धरून. दोन, पीओत डिलिव्हरी कशापासून मोजायची लिहिलंय, पीओच्या तारखेपासून की ड्रॉइंग अप्रूव्हलपासून?

अंगणातली_तुळस
सोलरसाठी एवढा त्रास होतो हे वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे छतावर ३ किलोवॅट बसवलं, सूर्यघर योजनेची ७८,००० सबसिडी खात्यात आली, नेट मीटरला थोडा वेळ लागला तेवढाच. ट्रान्सफॉर्मर लागलाच नाही. पॅनलवर धूळ बसू देऊ नका, सकाळी लवकर धुवा.

कोअर_कॉइल
ताई, हा ३३ केव्हीचा विषय आहे. रूफटॉपचा वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहितो.

साईट_मराठवाडा
बीजी याच महिनाअखेरीला संपतेय. डिलिव्हरी "अंतिम ड्रॉइंग मंजुरीपासून १६ आठवडे". ड्रॉइंग एकदा मंजूर झालं होतं, नंतर क्लायंटने एचव्हीला बुशिंगऐवजी केबल बॉक्स मागितला म्हणून रिव्हाईज झालं, ते मंजूर होऊन साधारण तीन महिने झाले. पण त्याचा इथे काय संबंध?

परचेसवाली
सगळा संबंध तिथेच आहे! तीन महिने म्हणजे १६ आठवडे अजून भरलेले नाहीत, तुमचा व्हेंडर कागदावर लेट नाही. कॅन्सल केलंत तर करार तुम्ही मोडला असं होईल. आणि क्लायंट एलडी कसली लावतो, बदल त्यांनी मागितला, रिव्हिजनची तारीख आणि मेल जोडून आजच मुदतवाढीचं पत्र टाका.

बीजीचं त्याच्याही आधी. व्हेंडरला लेखी कळवा आणि त्याच्या बँकेला 'एक्स्टेंड ऑर पे'चं पत्र द्या, मुदत वाढवा नाहीतर रक्कम द्या. पत्र तारखेच्या आत बँकेत पोचलं पाहिजे, पोच घ्या. बीजी संपली की भावावर बोलायला तुमच्या हातात काहीच उरत नाही, आणि तो भाव आत्ताच का वाढवतोय याचा विचार करा.

विनायक_वाइंडिंग
मी स्वतः छोटा उत्पादक आहे, दुसरी बाजू मांडतो. सीआरजीओ बनवणारा कारखाना आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे पण देशाची गरज त्यात भागत नाही, बरंचसं आयात, त्यात बीआयएस प्रमाणपत्र असलेल्याच मिलचं घ्यावं लागतं. प्रोसेसर (सीआरजीओ कापून देणारा) आम्हाला आगाऊ पैसे मागतो. तुम्ही लोक फर्म प्राईसचा हट्ट धरता, आयईईएमएच्या (विद्युत उपकरण उत्पादकांच्या संघटनेच्या) फॉर्म्युल्याने पीव्ही दिली असती तर तांबं, सीआरजीओ, तेल, मजुरी सगळं महिन्याच्या परिपत्रकाप्रमाणे वरखाली झालं असतं, भांडणच नाही. आणि आमच्यासारख्यांचं पेमेंट ४५ दिवसांत करायचं असतं, नाही केलं तर आयकर कायद्याखाली तुमचाच खर्च त्या वर्षी धरला जात नाही.

खान्देशी_काँट्रॅक्टर
४५ दिवस माल घेतल्यापासून असतात साहेब. इथे माल कुठाय?

विनायक_वाइंडिंग
मान्य, ते या केसला लागू नाही. पण एक उपाय सांगतो, भाव न वाढवता सीआरजीओचं पेमेंट थेट प्रोसेसरला करा आणि व्हेंडरच्या बिलातून वळतं करा, तिघांच्या सहीचं पत्र करून. त्याची अडचण खरंच पैशाची असेल तर तो लगेच हो म्हणेल.

कोअर_कॉइल
त्याआधी कारखान्यात जाऊन या, फोनवर काही कळत नाही. तिथे रंगवलेली टाकी दाखवतील, तिच्यावर जाऊ नका, टाकी आधीच तयार असते. कोअर रचलाय का, कॉइल गुंडाळल्यात का, जॉब कार्डवर तुमचाच सिरीयल नंबर आहे का ते बघा. सीआरजीओच्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेट, बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टमचा कागद), प्रोसेसरचं इनव्हॉइस मागा. कोअर स्टेजला इन्स्पेक्शन क्यूएपीत (गुणवत्ता तपासणीच्या आराखड्यात) असेल तर कॉल लावा.

साईट_मराठवाडा
जाऊन आलो. एका नगाचा कोअर उभा आहे, एलव्ही कॉइल तयार आहेत. दुसऱ्याचं लॅमिनेशन (कोअरचे कापलेले पत्रे) आलेलंच नाही. थेट पेमेंटला तयार झाला, १२ टक्क्यांचं पुन्हा काढलं नाही. बीजी एक्स्टेन्शनची मागणी बँकेत दिली, शिक्का घेतला. क्लायंटने मुदतवाढीच्या पत्रावर अजून उत्तर दिलेलं नाही. एक नग आधी उचलून अर्धा प्लांट चार्ज करता येईल का? आणि दुसरा १६ आठवड्यांच्या पुढे गेला तर?

परचेसवाली
अर्ध्याचं विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात आणि क्लायंटशी आधीच बोला, परवानगीचा अर्ज तसाच करावा लागेल. दुसरा उशिरा आला तर घेताना "नुकसानभरपाईचा हक्क राखून स्वीकारत आहोत" असं लेखी द्या. करार कायद्याचं कलम ५५ आहे, न कळवता माल घेतलात तर नंतर मागता येत नाही. मसुदा हवा असेल तर व्यनि करा.