मदत हवी आहे: कार्बन एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) हेडट्यूबमधून (फ्रेमची पुढची उभी नळी) हेडसेटची (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या संचाची) वरची वाटी हातानेच निघतेय

टेकडीवरून_घरी
मंडळी अर्जंट आहे. रविवारी पहाटे कात्रज ते सिंहगड जायचंय, आठ जणांचं ठरलंय आणि माझीच सायकल उघडी पडलीय. पुढचा ब्रेक दाबला की टक् असा आवाज येतो, वेताळ टेकडीच्या उतारावर तर प्रत्येक दगडाला येत होता. टॉप कॅप (हँडलवरचं झाकण) आवळून बघितली, हँडल जड झालं पण टक् काही गेलं नाही. काल रात्री फोर्क (पुढच्या चाकाचा चिमटा) काढला तर वरची वाटी दोन बोटांत धरून सहज बाहेर आली!! हिला प्रेसने बसवतात ना? दुकानात नेली तर तो म्हणाला नवीन हेडसेट टाका, अडीच हजार. नवीन टाकून बसेल का नक्की? का काहीतरी लावून घट्ट करता येईल? लवकर सांगा प्लीज.

गिअरबदल
आधी स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) दोन्ही बोल्ट सैल कर, मग टॉप कॅप हळूहळू आवळ, चाक धरून पुढे मागे हलवून बघ, हलायचं थांबलं की स्टेम सरळ करून ५ न्यूटन मीटरला आवळ. नव्वद टक्के लोक स्टेम न सोडता टॉप कॅप पिळत बसतात. अजून एक, स्टीअरर ट्यूबचं (फोर्कच्या वरच्या नळीचं) टोक स्टेमच्या वरच्या कडेपासून २-३ मिमी खाली हवं, नाहीतर टॉप कॅप ट्यूबलाच टेकते आणि बेअरिंगवर दाब येतच नाही. माझ्या सायकलला हेच झालं होतं, एक स्पेसर वाढवला आणि विषय संपला.

टेकडीवरून_घरी
अहो वाटी हातात आलीय माझ्या, स्टेम आवळून काय होणार?

अनुजा_के
फ्रेम कुठली, नवी की जुनी? वाटी झेडएस (फ्रेममध्ये दाबून बसवलेली) की इंटिग्रेटेड? इंटिग्रेटेडला वाटी नसतेच, बेअरिंग थेट फ्रेममध्ये बसतं आणि ते हाताने निघणं नॉर्मल आहे. हे कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी अंदाजच. आणि जिथून वाटी निघाली त्या भोकाचा आतून टॉर्च मारून फोटो टाक.

सातारा_ट्रेल
भावा टेन्शन नको घेऊ. थंड पेयाचा कॅन काप, त्याची पट्टी वाटीभोवती गुंडाळ आणि ठोकून बसव. माझ्या हार्डटेलला (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) चार वर्षं झाली, कास पठाराकडचे सगळे रस्ते मारलेत, अजून हललं नाही. शून्य रुपये.

भोसरी_टर्नर
कार्बनला ठोकून काही बसवू नका, हात जोडतो. हातोड्याचा एक घाव तिरका गेला तर आतले थर सुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. आणि पट्टीचं गणित सांगतो. कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी, पूर्ण गुंडाळला की व्यासात ०.२ वाढतात. झेडएस ४४ चं भोक ४३.९५ ते ४४.०० च्या दरम्यान असतं आणि वाटी त्याहून ०.०५ ते ०.१ मोठी, तेवढ्यावरच ती पकड धरते. म्हणजे आपण शतांशात बोलतोय. पट्टी जिथे संपते तिथे वर खाली टोक राहतं, भार त्या टोकावरच येतो. सातारकर दादांची फ्रेम कशाची आहे ते विचारा आधी.

सातारा_ट्रेल
अ‍ॅल्युमिनियमची आहे. पण चालतंय ना? चार वर्षं चालतंय. सगळ्यांकडे मायक्रोमीटर नसतो दादा.

टेकडीवरून_घरी
फ्रेम कार्बन, २९ इंची हार्डटेल, टेपर्ड (खाली रुंद होत जाणारी) हेडट्यूब. सेकंडहँड घेतलीय दीड वर्षापूर्वी गोव्यातून. हेडसेट झेडएस ४४ वर, झेडएस ५६ खाली, असं जुन्या मालकाने सांगितलेलं. खालची वाटी घट्ट आहे. फोटो टाकलाय. भोक काळंच आहे, आतून थोडी पांढरी पावडर होती ती मी पुसून काढली, धूळ असेल. व्हर्नियरने मापलं, वाटी बाहेरून ४७.१ आणि भोक एका बाजूने ४७.२, आडवं ४७.३ येतंय. तुम्ही ४४ म्हणताय, म्हणजे मला चुकीचा हेडसेट दिलाय का?

जुना_चिमटा
आमच्या वेळी चिमट्याच्या वाट्या सैल झाल्या की पोस्टकार्डाचा तुकडा लावून बसवायचो. छर्रे मोजून घालायचे, ग्रीसमध्ये एकेक चिकटवायचे, एक कमी पडला तरी चालायचं. पुण्यात तेव्हा चौकाचौकात सायकलवाला होता. चाळीस वर्षं तीच सायकल वापरली. लोखंडाची फ्रेम घ्या, वाकली तर सरळ तरी करता येते. ह्या कार्बनला काय करणार?

गिअरबदल
काका विषय हेडसेटचा आहे. बाय द वे ४७.१ म्हणजे तो झेडएस ४९ असणार, ते पण स्टँडर्ड आहे.

भोसरी_टर्नर
नाही हो. झेडएस ४९ चं भोक ४९.६ च्या आसपास असतं, अडीच मिमीचा फरक व्हर्नियर चुकवत नाही. मला वेगळाच संशय येतोय. टेकडीवाले, जी वाटी तुमच्या हातात आहे तिच्या कडेला खालून बघा. एकच तुकडा आहे की दोन? नखाने फिरवून बघा, मध्ये बारीक रेघ लागते का.

मॉन्सून_राईडर
इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. पावसात माझा मागचा डिस्क ब्रेक जाम किंचाळतो, हेडसेटमुळे असू शकतं का?

अनुजा_के
@मॉन्सून_राईडर, नाही. पॅडला ग्रीस किंवा चेनचं तेल लागलं असेल. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, पॅड बदल. आणि चेनवर तेल मारताना रोटरवर फडकं टाकत जा.

टेकडीवरून_घरी
हो!! रेघ आहे. बाहेर साधारण दीड मिमी जाडीची रिंग आहे, आत वाटी. मला वाटलं वाटीच तशी येते. रिंगला बाहेरून कसलातरी पिवळट थर चिकटलाय, काही ठिकाणी सुटलाय आणि तिथे अ‍ॅल्युमिनियम खडबडीत झालंय, बारीक बारीक खड्डे पडलेत. पांढरी पावडर तिथलीच. वाटी रिंगमध्ये मात्र एकदम घट्ट आहे, फिरत नाही.

भोसरी_टर्नर
मग उत्तर मिळालं. ४७.१ मधून दोन्हीकडचे दीड दीड वजा करा, ४४ आले. तुमची वाटी सैल नाहीच. फ्रेम बनवताना कार्बनच्या आत जी अ‍ॅल्युमिनियमची रिंग चिकटवलेली असते ती सुटून वाटीसकट बाहेर आलीय. नवीन हेडसेट घेऊन काही उपयोग नव्हता, तो त्याच सुटलेल्या रिंगमध्ये बसला असता. अडीच हजार वाचले. आता लॉकटाइट ६३८ (धातूचे भाग पक्के बसवायचा गोंद) आणा, ०.२५ मिमीपर्यंतचा गॅप भरतं, रिंगला लावून बसवा, चोवीस तास ठेवा. आमच्याकडे शाफ्टवर बेअरिंग असेच बसवतात.

अनुजा_के
इथे मी सहमत नाही. ६३८ हवा बंद झाली आणि दोन्हीकडे धातू असला की चांगलं पकडतं. इथे एकीकडे कार्बन आहे, धातू फक्त रिंगचा, म्हणजे क्युअर (गोंद कडक होणं) रेंगाळणार. आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर कंपनी सांगते २५० डिग्रीच्या आसपास गरम करा. कार्बन फ्रेमच्या एपॉक्सीची (फायबर धरून ठेवणाऱ्या रेझिनची) त्याच्या खूप आधी वाट लागते. वाटी रिंगमध्ये सैल असती तर तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं.

भोसरी_टर्नर
काढायची कशाला? एकदा बसली की बसली. आणि अ‍ॅक्टिव्हेटर मारला की क्युअर होतं.

अनुजा_के
हेडसेट बदलायला वाटी ठोकून काढतात तेव्हा रिंगवर केवढा जोर येतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. शिवाय हेडट्यूब आहे ही, सीटपोस्ट नाही. उतारावर ब्रेक मारताना सगळा भार इथूनच जातो. हे सुटलं तर माणूस तोंडावर पडतो.

सातारा_ट्रेल
मी तरी म्हणतो कॅनची पट्टी लावून रविवार काढा, सोमवारी काय ते बघा.

बंगळूरकर_रेझिन
उशिरा बघितला धागा. माझं कामच कंपोझिटचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. आणि सातारकर, ती पट्टी कृपा करून सुचवू नका, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कार्बनला लावणं म्हणजे जो रोग झालाय तोच परत लावणं.

ती पांढरी पावडर धूळ नव्हती. कार्बन फायबरमधून वीज वाहते, त्याला अ‍ॅल्युमिनियम टेकलं आणि मध्ये खारट ओलावा गेला की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. जो गंज बनतो तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणजे तो आतून फुगून चिकटवलेला थर उचकटतो. गोव्याची सायकल, समुद्राची हवा, वरून घाम गळतो तो नेमका स्टेमवरून हेडसेटमध्ये. म्हणून वरची रिंग सुटली असावी. खालची घट्ट वाटतेय तरी तीसुद्धा तपासा. सिल्व्हर मार्करने कार्बन, रिंग आणि वाटी अशी तिन्हीवरून एक सरळ रेघ मारा, वाटी धरून फिरवायचा प्रयत्न करा, रेघ कुठे तुटते ते बघा.

दुरुस्ती होते. पण स्ट्रक्चरल एपॉक्सीने. आम्ही डीपी ४२० वापरतो, दोन भागांचं, नळीतून मिक्स होऊन येतं, हातात साधारण वीस मिनिटं मिळतात. पिवळा थर पूर्ण खरवडायचा, रिंग पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासायची, पण भोकाच्या आत कार्बनला नुसता हलका हात, फायबर कापायचा नाही. दोन्ही अल्कोहोलने पुसायचे, पांढऱ्या फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत. रिंग आणि कार्बनच्या मध्ये पातळ ग्लास क्लॉथचा एक थर हवा म्हणजे दोन्ही परत टेकणार नाहीत. सध्या तुझ्याकडे गॅप आहे एका दिशेने दोन्हीकडे ०.०५ आणि आडव्या दिशेने दोन्हीकडे ०.१, त्यात कापड मावणार नाही, म्हणून रिंग लेथवर थोडी बारीक करावी लागेल किंवा नवीनच बनवावी लागेल. खड्डे पडलेत म्हणजे मी तर नवीनच बनवेन, अ‍ॅनोडाइज करून. हे काम भोसरीवाल्यांनी केलं तर उत्तम.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सरळपणा. रिंग अर्धा डिग्री तिरकी चिकटली की दोन्ही बेअरिंग एका रेषेत राहत नाहीत, आयुष्यभर हँडल अडकत राहील. खालची वाटी आणि वरची रिंग मधून थ्रेडेड रॉड घालून एकत्र धरायची आणि क्युअर होईपर्यंत रॉड काढायचा नाही.

गिअरबदल
एवढं करण्यापेक्षा वॉरंटीत टाकून दे ना?

टेकडीवरून_घरी
सेकंडहँडला वॉरंटी कुठली. बंगळूरकर दादा, मनापासून आभार, मार्करचं आत्ताच केलं. खालची रेघ तुटली नाही, वाटीपण जागची हलली नाही. मी एक गोष्ट आधी सांगितली नव्हती, मला वाटलं त्याचा संबंध नाही, दर राईडनंतर मी सोसायटीच्या प्रेशर वॉशरने धुतो, हेडट्यूबवर पण सरळ मारतो. त्यामुळे झालं असेल का?

बंगळूरकर_रेझिन
एकट्या त्यामुळे नाही, पण पाणी आत ढकललं गेलं आणि तिथेच राहिलं हे नक्की. आता बादली आणि ब्रश. आणि वर्षातून एकदा फोर्क उतरवून आत बघायचं, पावसाळा संपला की.

भोसरी_टर्नर
ठीक आहे, रिंग चिकटवायची आहे तर एपॉक्सी हे मान्य, माझं लॉकटाइट मागे घेतो. रिंग मी बनवून देतो. पण व्हर्नियरच्या मापावर नाही, भोक आतून बोअर गेजने घ्यावं लागेल, तुमचं एका बाजूने ४७.२ आणि आडवं ४७.३ येतंय म्हणजे ते थोडं अंडाकृती आहे किंवा आत जुना गोंद राहिलाय. फ्रेम घेऊन शनिवारी दुपारी या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. फोर्क आणि दोन्ही वाट्या बरोबर आणा.

जुना_चिमटा
पोरा, रविवारी जाऊ नकोस त्या सायकलवर. माझी गिअरची लोखंडी आहे, हवी तर घेऊन जा. सीट खाली करावी लागेल.

टेकडीवरून_घरी
काका खरंच? कुठे येऊ न्यायला? शनिवारी फ्रेम भोसरीला, संध्याकाळी तुमच्याकडे. रविवारच्या ग्रुपला कळवतो की मी मागे राहीन, वाट बघू नका.

मॉन्सून_राईडर
पॅड बदलले, आवाज गेला. थँक्स अनुजा ताई. रोटर पुसलेलं फडकं काळंकुट्ट झालं होतं.