डिझायरची एकुलती एक चावी हरवली: चावीवाला की सर्व्हिस सेंटर?

गोदाकाठ_गंगाखेड

नमस्कार मंडळी. गाडी मारुती स्विफ्ट डिझायर व्हीडीआय, २०१५ ची, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाकडून रिमोटवाली एकच चावी मिळाली होती, ती परवा परळीच्या बाजारात पडली. गाडी तिथंच पाहुण्यांच्या दारात उभी आहे. चारी दारं लॉक, गिअरमध्ये, स्टेअरिंगही लॉक. आरसी माझ्या नावावर झालेली आहे.

एक चावीवाला म्हणायलाय, "दोन-तीन तासांत जागेवर करून देतो, चिपसहित." सर्व्हिस सेंटरवाले म्हणायलेत, गाडी इकडं आणा, पूर्ण लॉक सेट बदलावा लागेल. आता बिनचावीची गाडी आणायची कशी? आणि खरंच सगळी कुलपं बदलावी लागतात का? चावीवाल्याकडून केलं तर ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) खराब होतो असंही एक जण म्हणाला. बाजारात चावी कुणाला सापडली असेल तर ती गाडीला चालेल, ही धास्ती वेगळीच. जाणकारांनी सांगावं.

कुलूपकिल्ली_नांदेड

भाऊ, आधी एवढं लक्षात घ्या की तुमच्या चावीत तीन वेगळ्या वस्तू होत्या. पातं दाराचं आणि इग्निशनचं बॅरल, म्हणजे कुलपाचा आतला फिरता भाग, फिरवतं. रिमोट फक्त सेंटर लॉक उघडतो. आणि चिप इंजिन चालू होऊ देते. चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या बॅरलभोवती तारेचं कडं असतं. चावी ऑन केली की ते १२५ किलोहर्ट्झवर चिपला वीज पुरवतं, चिप आपली ओळख सांगते, आणि ती गाडीच्या नोंदीत असली तरच इंजिनला डिझेल मिळतं. रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर चालतो, त्याचा सेलही वेगळा. म्हणून रिमोटचा सेल मेला तरी गाडी चालू होते. उलट नुसतं पातं कापून आणलं तर दार उघडेल, स्टार्टर फिरेल, पण इंजिन पकडणार नाही, किंवा पकडून लगेच बंद पडेल आणि मीटरवर इमोबिलायझरचा, म्हणजे चिप न ओळखल्यास इंजिन अडवणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकत राहील. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची चावी आपल्या ट्रॅक्टरला चालून जाते, तसला मामला इथं नाही.

चावीवाला जागेवर करतो म्हणतो ते खरं आहे, पण त्याच्याकडं काय काय आहे ते फोनवरच विचारून घ्या. काम असं होतं. लिशी नावाचं हत्यार ड्रायव्हरच्या दाराच्या कुलपात घालून आतल्या प्रत्येक पितळी पत्तीची खोली वाचतात. त्याच हत्याराने दारही उघडतं, काच किंवा बीडिंग खरवडायची गरज नाही. वाचलेल्या खोलीवरून कोऱ्या चावीवर मशीनने खाचा पाडतात. कानशीने घासून घासून बसवणारा असेल तर नको म्हणा. तसली चावी दाराला चालते आणि इग्निशनमध्ये अडकते, कारण इग्निशनच्या बॅरलमध्ये पत्त्या सहसा जास्त असतात आणि दाराच्या कुलपाची झीज वेगळी असते.

पातं फिरलं की प्रोग्रॅमिंग. डॅशबोर्डखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, त्याला मशीन लावून गाडीचा सिक्युरिटी पिन (गुप्त आकडा) वाचतात आणि नवीन चिप नोंदवतात. काही मॉडेलला पिन ओबीडीवरून मिळत नाही, ईसीएम काढून, उघडून वाचावा लागतो. "ईसीएम खराब होतो" ही बोंब तिथून आलेली आहे. त्याला सरळ विचारा: "२०१५ ची डिझेल डिझायर, एकही चावी नाही, ओबीडीवरून होईल का?" त्याने "बघू, खोलून करू" म्हटलं तर दुसरा माणूस शोधा.

दुसरी गोम बॅटरीची. गाडी परवापासून उभी आहे. चांगली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर प्रोग्रॅमिंग सुरूच करू देऊ नका. नोंद लिहिली जात असताना व्होल्टेज बसलं तर अर्धवट नोंद राहते आणि मग ना जुनी चावी ना नवी. सोबत चार्जर किंवा दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून ठेवायला सांगा. मिस्तरी लोक हे टाळतात, कामून कुणास ठाऊक. पाच मिनिटांचं काम आहे.

हरवलेल्या चावीची धास्ती रास्त आहे. नवीन चिप नोंदवताना जुन्या सगळ्या नोंदी पुसायला सांगा. मग ती चावी कुणाला सापडली तरी गाडी चालू होणार नाही. पण पातं तेच आहे, त्याने दार उघडेलच. गाडीत सामान राहत असेल तर दाराचं बॅरल बदला किंवा त्यातल्या पत्त्यांची अदलाबदल करून घ्या. तेवढ्यासाठी लॉक सेट लागत नाही.

आणि एक नको, दोन चाव्या करा. पिन वाचणं, कुलूप वाचणं हीच मोठी मजुरी. ती एकदाच द्यायची आहे. दुसऱ्या चावीला फक्त कोरी चावी, चिप आणि पाच-दहा मिनिटं. मात्र दुसरी पहिलीची क्लोन करू नका, वेगळी नोंदवा. क्लोन असेल तर गाडीला दोन्ही एकच वाटतात. पुढं एक हरवली तर तेवढीच पुसता येत नाही.

भावाचा आकडा मुद्दाम देत नाही, गावागणिक बदलतो. कोरी चावी व चिप, कटिंग, प्रोग्रॅमिंग आणि येण्याजाण्याचं पेट्रोल हे चार आकडे वेगवेगळे मागा. एकच ठोक रक्कम सांगणाऱ्यात कुठंतरी रिमोट गायब असतो.

पार्ट्स_काउंटर_लातूर

सर्व्हिस सेंटरवाले लॉक सेट का सांगतात ते सांगतो. नवीन गाडीसोबत चावीला धातूचा छोटा बिल्ला येतो, त्यावर चावीचा नंबर कोरलेला असतो. तो असेल तर त्या नंबरवरून चावी कापून मिळते. सेकंडहँड गाडीत हा बिल्ला जवळपास कधीच हाती लागत नाही. जुन्या मालकाला एक फोन करा. बिल्ला बहुतेकदा मॅन्युअलच्या पाकिटात किंवा पहिल्या चावीच्या गुच्छात पडलेला असतो, आणि कधी कधी दुसरी चावीही त्याच कपाटात निघते. बिल्ला नसेल तर चेसिस नंबर देऊन चावी मागवता येते का हे लेखी विचारा. काउंटरवरच्या पोरानं "लॉक सेट" म्हटलं म्हणून वर्क्स मॅनेजरनेही तेच म्हटलं असं नाही. लॉक सेट म्हणजे इग्निशन आणि दारांची कुलपं एकाच चावीची. इग्निशनचं बॅरल फोडलेलं असेल किंवा चावी चोरीला गेलेली असेल तर ठीक, नुसती हरवली म्हणून नाही.

कागद: आरसी, मालकाचं ओळखपत्र, मालकाच्या सहीचा अर्ज, आणि बहुतेक ठिकाणी पोलिसांकडची गहाळ नोंद. डिजिलॉकरमधली आरसीही दाखवता येते. मालक स्वतः नसेल तर अधिकारपत्र. चावी मागवून यायला दिवस लागतात, आणि प्रोग्रॅमिंगला गाडी वर्कशॉपमध्ये लागतेच, चावी कुरिअरने आली म्हणून घरी चालू होत नाही.

टोचन लावून आणायचा विचार सोडा. स्टेअरिंग लॉक आहे, पुढची चाकं वळणार नाहीत, आणि गाडी गिअरमध्ये आहे. पुढची चाकं उचलून किंवा सपाट ट्रॉलीच्या गाडीवर चढवूनच येईल. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर पॉलिसीवरच्या नंबरला फोन करा, किती किलोमीटरपर्यंत फुकट हे आधी विचारा. अंतर जास्त असेल तर परळीतच जागेवर करणं सोयीचं, हे माझंही मत. कुठल्या काउंटरवर बसतो ते बाजूला ठेवून सांगतोय.

पॉलिसी_वाचा_आधी

विम्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून. साध्या पॉलिसीत चावी हरवणं येत नाही. "की रिप्लेसमेंट" नावाचा जोड घेतला असेल तरच पैसे मिळतात, तेही पॉलिसीत लिहिलेल्या मर्यादेपर्यंत आणि वर्षातून ठरावीक वेळा. काम करून बिल नेऊन दिलं तर क्लेम अडकतो. आधी कळवा, क्लेम नंबर घ्या, मग चावीवाल्याला बोलवा. बिल पक्कं, गाडी नंबर टाकलेलं.

जोड नसला तरी विमा कंपनीला ई-मेल टाकाच. गाडी पुढं कधी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी सगळ्या चाव्या जमा करायला सांगतात. तेव्हा "एक हरवली होती" असं तोंडी सांगून भागत नाही. आजच्या तारखेचा ई-मेल, पोलिसांकडची नोंद आणि जुन्या चाव्यांच्या नोंदी पुसल्याचं बिल, हे तीन कागद असले की प्रश्न मिटतो. बिलावर चावीवाल्याकडून "सर्व जुन्या चाव्या रद्द, नवीन दोन नोंदवल्या" एवढं लिहून घ्या.

जो चावीवाला आरसी बघितल्याशिवाय गाडीला हात लावतो त्याच्याकडून करून घेऊ नका. आज तुमची उघडली, उद्या तुमच्याच दारातून दुसऱ्या कुणासाठी उघडेल.

सेलू_वाला

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या पिकअपची चावी इग्निशनमध्येच मोडली. अर्धं पातं आत आहे, डोकं हातात. पक्कड लावून ओढलं, निघत नाही. तेल सोडू का?

कुलूपकिल्ली_नांदेड

तेल नको. धूळ धरतं, आणि आपल्याकडच्या मातीत त्याचा महिन्याभरात चिकट लगदा होतो, पत्त्या खाली बसत नाहीत. ग्रॅफाइटची पावडर चिमूटभर फुंका. फेविक्विक लावून जोडायचा उद्योगही करू नका, पत्त्याच चिकटतात आणि मग बॅरल बदलण्याशिवाय गत नाही.

चावी निघत नाही याचं कारण बहुतेक हे: बॅरल अर्धवट फिरलेलं आहे. चावी आत घालताना ते ज्या जागेवर असतं, म्हणजे लॉकवर, तिथं आणल्याशिवाय पत्त्या पातं सोडत नाहीत. बारीक स्क्रूड्रायव्हर पात्याच्या मोडलेल्या तोंडाला टेकवून हलकेच लॉककडे फिरवा. मग बारीक दात्याचं करवतीचं पातं, घासून अरुंद केलेलं, दाते बाहेरच्या बाजूला झुकतील असं पात्याच्या खाचांकडून आत सरकवा आणि ओढा. दोन्ही बाजूंनी दोन पाती लावली तर पकड चांगली बसते. पक्कडीनं आत ढकलू नका, पातं शेवटच्या पत्तीच्या मागं गेलं की बॅरल काढावंच लागतं.

दोन्ही तुकडे जपून ठेवा. ते जुळवून नवीन पातं कापता येतं. फक्त दहा वर्षं वापरलेल्या चावीची हुबेहूब नक्कल करू नका, झीजही नक्कल होते आणि नवी चावी पहिल्या दिवसापासून अडते. खाचांचे मूळ आकडे वाचून त्यावरून कापायला सांगा. डोक्यात चिप असेल तर ती सांभाळा: कधी काळ्या वड्यासारखी, कधी काचेची बारीक नळी, साधारण सेंटिमीटरभर. काही चाव्यांत ती रिमोटच्या प्लेटवरच डागलेली असते. बाजारातलं नवं कव्हर बसवताना जुनं कव्हर कचऱ्यात गेलं आणि चिप त्याच्यासोबत गेली, असं लई होतं.

गोदाकाठ_गंगाखेड

सगळ्यांचे आभार. जुन्या मालकाला फोन केला, बिल्ला नाही म्हणतो. चावीवाल्याला विचारलं, ओबीडीवरून होतं, लिशी आहे, आरसीही मागितली त्यानं. उद्या परळीला जातो. काम झाल्यावर त्याच्यासमोर नेमकं काय तपासायचं?

कुलूपकिल्ली_नांदेड

प्रत्येक चावीने दार, डिकी आणि इग्निशन फिरवून बघा, ड्रायव्हरचं दार दोन्ही बाजूंना. इंजिन प्रत्येक चावीने चालू करून दोन मिनिटं चालू द्या, बंद करून दहा मिनिटांनी परत. पहिल्यांदा चालू झालं आणि थंड झाल्यावर नाही, असं होतं. तपासताना दुसरी चावी गुच्छात ठेवू नका, खिशात ठेवा. दोन चिपा शेजारीशेजारी आल्या की इग्निशनभोवतीच्या कड्याचा गोंधळ होतो आणि चांगली चावीही नापास दिसते.

स्कॅनरवर नोंदलेल्या चाव्यांची संख्या दिसत असेल तर त्याच्याकडून दाखवून घ्या. दोन केल्या तर दोनच दिसल्या पाहिजेत. तीन दिसल्या तर हरवलेली अजून जिवंत आहे, पुन्हा पुसायला लावा.

रिमोट वेगळा जोडावा लागतो, विसरतात. दार बंद करून दहा पावलांवरून दाबून बघा. अगदी जवळूनच चालत असेल तर सेल बघा. सेलवरचा आकडाच त्याचं माप असतं: २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. मूळ मापाचाच घाला, पातळ सेलखाली कागदाची घडी घालून काम भागवलेलं असेल तर परत द्या. आणि रिमोट डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, मे महिन्यात सेल आणि रबराची बटणं दोन्ही जातात.

जायच्या आधी त्याने लिशीने वाचलेल्या खाचांचे आकडे कागदावर लिहून घ्या आणि आरसीच्या फाइलीत ठेवा. पुढच्या वेळी कुलूप वाचायची मजुरी वाचेल.